नैसर्गिक प्रसूती आणि समाजाची सोबत

सिद्धार्थाच्या जन्माची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. दिवस भरत आल्यावर महामाया कपिलवस्तूहून देवदहला, म्हणजे आपल्या माहेरी निघाली. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्या कोकणात आजही आहे. वाटेत लुंबिनी वनात तिला कळा सुरू झाल्या आणि शालवृक्षाची फांदी धरून ती उभ्यानेच प्रसूत झाली, असे परंपरा सांगते. आपण बहुधा ही कथा येथेच थांबवतो. पण सातव्या दिवशी महामायेचे निधन झाले आणि बाळाला तिची बहीण महाप्रजापती गौतमी हिने वाढवले, हा पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रसूती ही निसर्गाची क्रिया आहे, हे या कथेतून दिसते. त्याचबरोबर निसर्गावर सर्व काही सोपवून स्वस्थ बसता येत नाही, हेही दिसते. या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवून आपल्या समाजाने बाळंतपणाकडे कसे पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

नैसर्गिक प्रसूती म्हणजे काय?

नैसर्गिक प्रसूती म्हणजे घरीच, डॉक्टरांशिवाय होणारी प्रसूती, असा एक गैरसमज आहे. तो प्रथम दूर केला पाहिजे. कळा आपोआप सुरू होऊन, गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडून, शस्त्रक्रियेची किंवा विनाकारण इंजेक्शनची गरज न पडता बाळ जन्माला येते आणि वार आपोआप पडते, तिला आपण नैसर्गिक प्रसूती म्हणू. ती रुग्णालयातही होऊ शकते, नव्हे, रुग्णालयातच व्हावी. अडचण केव्हा येईल हे आधी सांगता येत नाही, आणि ती आली तर उपचार हाताशी असणे आवश्यक असते.

त्याचप्रमाणे सिझेरियन शस्त्रक्रिया वाईट, असाही याचा अर्थ नाही. मूल आडवे असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल, बाळाचे ठोके मंदावले असतील, तर हीच शस्त्रक्रिया दोन जीव वाचवते. ज्या भगिनीचे सिझेरियन झाले तिने आपण काही कमी पडलो असे मुळीच मानू नये. आपला प्रश्न गरज नसताना होणाऱ्या शस्त्रक्रियेचा आहे, आणि तितकाच भीतीने व एकटेपणाने अवघड होणाऱ्या बाळंतपणाचा आहे.

दोन बाळंतपणे

माझी आजी आमच्या वाडीची सुईण होती. तिला अक्षरओळख नव्हती. कुणाला कळा लागल्याचा निरोप आला की ती हातातले काम टाकून जायची आणि बाळंतीण पेज प्यायल्याशिवाय परत यायची नाही. ती बाईला पडवीत चालवायची, कंबर तेलाने चोळायची, कळ आली की स्वतःच्या खांद्याला धरायला सांगायची. "भिऊ नको गो बाय, मी हाय," एवढेच तिचे बोलणे असे. देशाच्या अनेक भागांत नाळ कापण्याचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांवर सोपवलेले होते. ज्या हातांनी जगात येणाऱ्या बाळाला पहिल्यांदा धरले, त्याच हातांचा विटाळ मानला गेला. या स्त्रियांच्या ज्ञानाची नोंद कोणी घेतली नाही, हे येथे खेदाने नमूद करावेसे वाटते.

पण आजीच्या आयुष्यात एक श्रावणातली रात्रही होती. मूल जन्मले, परंतु वार पडली नाही आणि रक्त थांबेना. भर पावसात चार माणसांनी त्या बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत नेले. गाडी मिळेपर्यंत पहाट झाली. ती बाई वाटेतच गेली. त्यानंतर आजी प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नाव घालायला सांगू लागली. "माझ्या हातात रगत नाय," असे ती म्हणे.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण एका रुग्णालयात झाले. आई बाहेर बाकावर बसून होती. तिला आत जाऊ दिले नाही. बहीण नऊ तास उताणी पडून होती. ओरडू नकोस, असे तिला पुन्हा पुन्हा सांगितले जात होते. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली आणि त्याबद्दल आम्ही त्या रुग्णालयाचे ऋणी आहोत. पण बहीण पुढे अनेकदा म्हणाली, "दुखलं त्याचं काही नाही. हात धरायला कुणी नव्हतं."

आजीकडे धरायला हात होता, पण रक्त नव्हते. रुग्णालयाकडे रक्त होते, पण हात नव्हता. आपल्या लेकीसुनांना या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाव्यात, एवढीच या लेखाची मागणी आहे.

आजची स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या. याचा लाभ स्पष्ट आहे. २०१८-२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला, तर महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. आजीच्या काळाशी तुलना केली तर ही मोठी प्रगती आहे आणि तिच्यावर पाणी पडेल असे काहीही आपण करता कामा नये.

मात्र याच सर्वेक्षणात दुसरी बाजूही दिसते. महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. देशपातळीवर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या निवेदनानुसार, लोकसंख्येतील सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यानंतर माता व बालमृत्यू आणखी कमी होत असल्याचे आढळत नाही. यामागे अनेक कारणे आहेत. काही ठिकाणी वेळेची व पैशाची गणिते असतात. काही ठिकाणी मनुष्यबळ कमी असते. पुष्कळदा घरची माणसेच घाबरून "काय ते लवकर करा" म्हणून घाई करतात. पहिल्या दोन कारणांवर आपला फारसा ताबा नाही. तिसरे कारण मात्र पूर्णपणे आपल्या हातातले आहे.

सोबतीने काय साधते?

कळांच्या वेळी विश्वासातली बाई जवळ असणे ही केवळ मायेची बाब नाही. तिचा अभ्यास झालेला आहे. ग्वाटेमाला या देशातील एका रुग्णालयात डॉक्टरांनी काही स्त्रियांना सुरुवातीपासून अखेरपर्यंत एका बाईची सोबत दिली आणि काहींना नेहमीप्रमाणे एकटे ठेवले. १९८० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती लवकर झाली आणि त्यांच्यात अडचणीही कमी आल्या. सोबतीण बाई वैद्यकीय शिक्षण घेतलेली नव्हती. २०१७ मध्ये निरनिराळ्या देशांतील २६ प्रयोगांचा, पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. सतत सोबत मिळाल्यास नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, सिझेरियन कमी होतात आणि कळांचा काळही काहीसा कमी होतो, असेच त्यात आढळले.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. गोठ्यात नवखे माणूस शिरले की विणारी गाय अस्वस्थ होते, हे शेतकऱ्याला माहीत असते. माणसाचेही तसेच आहे. भीती वाटली की शरीर आखडते आणि भीतीच्या वेळी स्रवणारी द्रव्ये कळांना अडथळा आणू शकतात. धीर मिळाला की श्वास संथ होतो, अंग सैल पडते आणि कळा आपले काम करतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीकाळातील काळजीबाबत शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतील पुढील बाबी प्रत्येक सभासदाने समजून घ्याव्यात.

१) प्रसूतीच्या वेळी स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी.

२) प्रकृती ठीक असल्यास तिने चालावे, बसावे, कूस बदलावी. तिला हवे ते पेय घेता यावे.

३) प्रत्येक बाईचा वेग वेगळा असतो. तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने गर्भाशयाचे तोंड उघडलेच पाहिजे, असा आग्रह धरू नये. पहिलटकरणीच्या जोराच्या कळा बारा तासांपर्यंत चालू शकतात.

४) सर्वांनाच सरसकट छेद देऊन टाके घालू नयेत. बाळ बाहेर यावे म्हणून वरून पोट दाबू नये.

५) बाळ ठीक असल्यास नाळ निदान एक मिनिट थांबून बांधावी. त्यामुळे बाळाला जास्त रक्त मिळते व पुढे लोहाची कमतरता कमी भासते.

६) बाळाला लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवावे आणि पहिल्या तासात अंगावर पाजावे.

आजी पडवीत करीत होती, त्यातले किती तरी या यादीत आहे! आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' या प्रसूतिगृह सुधारणा कार्यक्रमातही तिचा समावेश आहे. म्हणजे आता सोबत मागणे ही मेहेरबानीची याचना उरलेली नाही. ते मागण्यासाठी माहिती आणि थोडा धीर मात्र हवा.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

अशिक्षित, गरीब स्त्रियांकडून हे काम होईल काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींनी शाळा पाहिलेली नव्हती आणि अनेक जणी दलित समाजातील होत्या. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण आणि धोका ओळखून वेळीच पुढे पाठवणे या गोष्टी त्यांनी आत्मसात केल्या. ज्यांच्या हातचे पाणी पूर्वी घेतले जात नव्हते, त्यांनाच गाव बाळंतपणाला बोलावू लागले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला ऊब देणे, स्तनपान, वजन, न्यूमोनियाची लक्षणे ओळखून उपचार करणे, हे त्या शिकल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा या गावांतील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे याच पद्धतीवर देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींची योजना उभी राहिली. शिकवणारा भेटला आणि समाजाने मान दिला, तर साधी बाई केवढे काम करते, हे यावरून सिद्ध होते.

बाबासाहेब आणि मातेचा हक्क

बाळंतपण ही घरातील खासगी बाब आहे, समाजाचा त्याच्याशी संबंध काय, असे म्हणणाऱ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कार्य आठवावे. मुंबई विधिमंडळात १९२८ साली स्त्री कामगारांना प्रसूतीच्या काळात विश्रांती व आर्थिक लाभ देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा घडवून आणली.

दापोलीजवळच्या वणंदची लेक असलेल्या माता रमाईने आपल्या पाच अपत्यांपैकी चार गमावली, हेही आपण विसरता कामा नये. ते दुःख घरात सोसलेला माणूस विधिमंडळात मातांच्या बाजूने उभा राहिला. आपले गाव आणि आपली शाखा यांच्यापुरते तरी आपण उभे राहू शकत नाही काय?

रत्नागिरी जिल्ह्याचा प्रश्न

आपल्या जिल्ह्याच्या काही अडचणी खास आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. यामागचे कारण सर्वांना माहीत आहे. कर्ता पुरुष मुंबईला आणि घरी सासू, सून व लहान मुले. कळा रात्री सुरू झाल्या तर गाडी बोलवायला घरात माणूस नसतो. गाव एक, पण वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. मध्ये पऱ्या, खाडी किंवा घाट. पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता बंद. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची काय अवस्था झाली, ते आपण पाहिले आहे.

दुसरी अडचण स्थलांतराची. मुलगी डोंबिवलीला नांदते आणि बाळंतपणाला माहेरी येते. तिचे नाव एकीकडे नोंदलेले, तपासण्यांचे कागद दुसरीकडे आणि प्रसूती तिसरीकडे. अशा वेळी तिचे माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असणे आणि ती येताच गावच्या आशाताईंना कळवणे फार महत्त्वाचे ठरते.

गावशाखांनी काय करावे?

मयताची बातमी आली की आपली सारी वाडी जमते. कोणी लाकडे आणतो, कोणी मुंबईला निरोप देतो, वर्गणी निघते, वहीत नोंद होते. कोणाला सांगावे लागत नाही. जन्माच्या वेळी मात्र घरची दोन माणसे धावपळ करतात आणि वाडीला दुसऱ्या दिवशी बातमी कळते. मरणासाठी आपण जी शिस्त उभी केली, तीच जन्मासाठी उभी करता येईल. त्यासाठी नवी संस्था नको. पुढील कामे प्रत्येक शाखेला व महिला मंडळाला करता येण्यासारखी आहेत.

१) बाळंतपणाची वही. वाडीतील प्रत्येक गरोदर स्त्रीची, तिच्या संमतीने, संभाव्य तारीख, रक्तगट व ठरवलेले रुग्णालय यांची नोंद महिला मंडळाने ठेवावी. ही माहिती चावडीवर चर्चेची नव्हे, याचे भान असावे.

२) सोबतीण. प्रत्येक वाडीतून दोन अनुभवी, शांत स्वभावाच्या स्त्रिया निवडाव्यात. आशाताई व उपकेंद्रातील परिचारिका यांच्याकडून त्यांनी माहिती घ्यावी. सोबतिणीने धीर द्यावा, पाणी द्यावे, कंबर चोळावी, बाईचे म्हणणे नर्सला सांगावे. वैद्यकीय कामात मात्र हात घालू नये. रुग्णालयाशी आधीच भेटून बोलावे. ज्यांच्याशी ओळख झाली आहे, ते दार लवकर उघडतात.

३) गाडी आणि माणूस. १०२ व १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहावेत. शिवाय वाडीतील एक रिक्षा किंवा जीप रात्रीसाठी ठरवून ठेवावी.

४) रक्तदाते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात धडधाकट बाईही दोन तासांत दगावू शकते. तरुणांनी आपले रक्तगट नोंदवून ठेवावेत आणि हाक येताच निघावे. दरवर्षी जयंतीला रक्तदान शिबिर होते, त्याला हीच जोड द्यावी.

५) आपले माहेरघर. आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत शासनाने 'माहेरघर' योजना राबवली. तिथे गरोदर स्त्री तारखेच्या काही दिवस आधीच येऊन राहते. आपण पावसाळ्यात तालुक्याच्या गावी राहणाऱ्या सभासदांच्या घरी अशी सोय करू शकतो. एक खोली, आठ दिवस, एवढीच ती मागणी आहे.

६) तपासणी व आहार. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथे घेऊन जाण्याची जबाबदारी कोणी तरी घ्यावी. देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्त कमी असल्याचे वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात आढळले आहे. लोहाच्या गोळ्या, नाचणी, कुळीथ, पालेभाजी, सुकी मासळी, अंडी पोटात गेली पाहिजेत. सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याची पद्धत निदान या नऊ महिन्यांत तरी बंद व्हावी.

सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरून नेणे-आणणे हे सर्व जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून मोफत आहे. कर्ज काढण्यापूर्वी ही माहिती घरोघर पोहोचली पाहिजे.

ठेवावे काय, टाकावे काय?

जुने ते सर्व सोने नाही आणि सर्व टाकाऊही नाही. माहेरची विश्रांती, तेलाचा हात, गरम पेज, अहळिवाचे लाडू, जवळ बसणारी म्हातारी बाई, हे ठेवावे. विटाळ मानून बाळंतिणीला अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत वेगळे टाकणे, नाळेला राख किंवा शेण लावणे, पहिले चिकाचे दूध पिळून फेकणे, बाळाला मध किंवा घुटी चाटवणे, पाचवीच्या भीतीने बाळाच्या आजारात घरगुती उपाय करीत बसणे, हे टाकावे. घरी कोणाकडूनही कळा वाढवण्याचे इंजेक्शन कदापि घेऊ नये. त्याने गर्भाशय फाटून जीव जाऊ शकतो.

पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले तरी 'नैसर्गिक' या शब्दाचा आग्रह न धरता तत्काळ रुग्णालय गाठावे: अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, पाणमोट फुटून हिरवट पाणी येणे, वार न पडणे. बाळंतपण झाल्यावरही हे भान सुटता कामा नये. महामायेला मृत्यू सातव्या दिवशी आला होता.

समारोप

सोबत ही पैशाने विकत आणायची वस्तू नाही. शासन इमारत देईल, गाडी देईल, डॉक्टर देईल. कळ आल्यावर धरायचा हात मात्र वाडीनेच द्यायचा आहे. येत्या वर्षात प्रत्येक शाखेने निदान एक वही आणि दोन सोबतिणी एवढे जरी उभे केले, तरी पुढच्या पावसाळ्यात एखादी लेक एकटी राहणार नाही.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) आपल्या वाडीतून रात्री दोन वाजता रुग्णालयात पोहोचण्यास किती वेळ लागतो? पावसाळ्यात किती?

२) आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला तिच्या बाळंतपणाविषयी विचारा. तिच्याजवळ कोण होते?

३) आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला आत थांबू देतात काय? चौकशी करून पुढील सभेत सांगा.

४) आपला रक्तगट कोणता? शाखेच्या वहीत त्याची नोंद आहे काय?